उपसर्गात कालचा पेपर

रविवारी मटणाच्या रांगेत तासभर उभा राहून घरी आलो, तर धाकटी पुतणी सोप्यात बसलेली. पुढ्यात आठवडाभराच्या इंग्रजी पेपरांचा गठ्ठा, हातात दोन स्केचपेन, एक लाल आणि एक हिरवं. बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करते. क्लासमधून तिला एक झेरॉक्स मिळाली होती. इंग्रजी क्रियापदांना पुढून आणि मागून काय काय चिकटतं त्याची यादी, आणि प्रत्येकासमोर एका शब्दाचा अर्थ. 'री' म्हणजे पुन्हा. 'अन' म्हणजे नाही. 'डी' म्हणजे काढून टाकणे. 'ओव्हर' म्हणजे वर किंवा जास्त. पुढून चिकटलेल्याला लाल गोल करायचा, मागून चिकटलेल्याला हिरवा.

"काका, यादी पाठ झाली. पण पेपर उघडला की तिचा काय उपयोगच होईना झालाय," ती म्हणाली. "तुम्ही बत्तीस वर्षं हेच करत होतासा न्हवं?"

हेच म्हणजे रात्रपाळीला बसून एजन्सीच्या इंग्रजी बातम्या मराठीत आणायचं काम. १९८८ ला इथल्या, कोल्हापूरच्या एका दैनिकात उपसंपादक म्हणून लागलो, २०२० ला निवृत्त झालो. तेव्हा टेलिप्रिंटरची खडखड होती, पुढे सगळं स्क्रीनवर यायला लागलं. बातमी कशीही आली तरी अडायचं एकाच ठिकाणी, क्रियापदावर. नावं, गावं, आकडे आपोआप उतरतात. क्रियापद उतरत नाही.

तिला मी आधी माझी फजिती सांगितली. नोकरीला लागून दोन-तीन महिने झाले असतील. कुठल्याशा पुलाच्या बांधकामाची बातमी होती. चौकशी समितीने त्रुटी 'ओव्हरलुक' केल्या, असं इंग्रजीत होतं. 'लुक' म्हणजे बघणे, 'ओव्हर' म्हणजे वर. वरून बघणे म्हणजे देखरेख, हा माझा हिशेब. मी लिहिलं, 'समितीने त्रुटींवर देखरेख ठेवली.' वृत्तसंपादकांनी कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि भर डेस्कवर विचारलं, "त्रुटींवर देखरेख ठेवायला त्या काय म्हशी हायत व्हय रे?" पुढची दोन वर्षं माझं नाव 'म्हशी' होतं.

आता बघा. 'सी' आणि 'लुक' दोन्ही बघण्याचेच शब्द. 'ओव्हरसी' केलं की देखरेख होते आणि 'ओव्हरलुक' केलं की दुर्लक्ष होतं. 'ओव्हरसाइट' तर दोन्ही डगरींवर पाय ठेवून उभा. 'ओव्हरसाइट कमिटी' म्हणजे देखरेख समिती, आणि त्याच कमिटीने 'ओव्हरसाइट'मुळे काही राहिलं असं म्हटलं की ती नजरचूक. झेरॉक्समधला 'वर किंवा जास्त' इथं काय कामाला येणार? मी ती झेरॉक्स घडी घालून चहाच्या कपाखाली सरकवली.

तिला म्हटलं, उपसर्गाचा अर्थ विचारू नकोस. हा उपसर्ग लागायच्या आधी काय परिस्थिती होती, ते विचार. इंग्रजी पेपरवाला मथळ्यात उपसर्ग वापरतो तो जागा वाचवायला. एका कॉलमात चार-पाच शब्द मावतात. त्यात आज काय झालं ते सांगायचं आणि काल काय होतं याची आठवणही करून द्यायची. कालची गोष्ट तो उपसर्गात कोंबतो. 'रीओपन' म्हटलं की आधी उघडं होतं, मग बंद पडलं, आता पुन्हा उघडलं. एवढा इतिहास दोन अक्षरांत.

'अन'चंच बघा. झेरॉक्स म्हणते 'नाही'. विशेषणाला लागला तर ते खरं आहे, 'अनहॅपी' म्हणजे आनंदी नसलेला. पण क्रियापदाला लागला की तो नकार उरत नाही, तो केलेलं उलटवतो. 'अनलॉक' म्हणजे कुलूप न लावणे नव्हे, लावलेलं कुलूप काढणे. पुतणीला हे लगेच पटलं, कारण जून २०२० मध्ये लॉकडाऊन टप्प्याटप्प्याने उठायला लागला तेव्हा ती दहावीतून बाहेर पडत होती आणि 'अनलॉक एक', 'अनलॉक दोन' तिने घरात बसून मोजले होते. मराठी पेपरांनीही तेव्हा सरळ 'अनलॉक'च छापलं. दुसरा शब्द शोधायला कुणाला सवड होती?

'अनव्हेल'ला मात्र आपल्याकडे इतका चपखल शब्द आहे की कधी कधी वाटतं, दोन्ही भाषांनी एकमेकींच्या वहीत बघून लिहिलंय. व्हेल म्हणजे बुरखा, पडदा. 'अनव्हेल' म्हणजे तो काढणे. आणि आपलं अनावरण? अन् अधिक आवरण. तसंच्या तसं. कोल्हापुरात पुतळ्यांना तोटा नाही, त्यामुळे हा शब्द आमच्या डेस्कवर महिन्यातून एकदा तरी यायचाच. तरीही वार्ताहर 'पुतळ्याचे उद्घाटन' लिहून पाठवायचे आणि मी ते खोडायचो. पुतळ्यावर कापड असतं, दार नसतं.

'री'ने मला एकदा चांगलाच घाम फोडला होता. १४ जानेवारी १९९४. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव जोडलं गेलं. इंग्रजीत सगळीकडे एकच शब्द, 'रीनेम्ड'. नाव बदललं. इंग्रजीपुरता विषय संपला. पण मराठीत त्या शब्दाला हात लावायचा म्हणजे विस्तव होता. मागणी होती नामांतराची. सोळा वर्षांचं आंदोलन, जाळपोळ, माणसं मेली. झाला तो नामविस्तार, कारण 'मराठवाडा' हा शब्द नावात ठेवला गेला. नामांतर लिहिलं तर चूक, नामविस्तार लिहिलं तर ज्यांनी नामांतरासाठी डोकी फोडून घेतली त्यांना ते कमी वाटणार. त्या रात्री आम्ही नामविस्तार लिहिलं, कारण झालं होतं तेच. इंग्रजीच्या 'री'मध्ये कालचा पेपर असतो खरा, पण त्या पेपरातलं सगळं त्याच्यात मावत नाही हे तेव्हा कळलं.

मग 'डी'. याच्या दोन रात्री मी विसरू शकत नाही.

पहिली ८ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. पहिल्या पानावर अमेरिकेच्या निवडणुकीसाठी जागा धरून ठेवलेली. आठ वाजता पंतप्रधानांचं भाषण सुरू झालं आणि सव्वाआठनंतर ती जागा गेली. स्क्रीनवर शब्द यायला लागला, 'डीमॉनेटाइज'. त्याचे तुकडे करा: पुढे 'डी', मध्ये पैशाचा लॅटिन 'मोनेता', मागे 'आइज'. चलन नसलेल्याला चलन करणं म्हणजे 'मॉनेटाइज', आणि ते उलटवणं म्हणजे 'डीमॉनेटाइज'. ही मोनेता मुळात रोमच्या जुनो देवीचं एक बिरुद. तिच्या देवळाजवळ नाणी पाडायची टाकसाळ होती, म्हणून पैशाला हे नाव चिकटलं. आमच्यातल्या एकाने शासकीय वळणाचा शब्द काढला, 'निश्चलनीकरण'. त्याची वीटही तशीच रचलेली आहे. निः, चलन, आणि शेवटी ईकरण. व्याकरणाला शंभर पैकी शंभर. पण त्याच वेळी बाहेर फोन वाजत होते. गुळाचा हंगाम सुरू झालेला, मार्केट यार्डातले सौदे रोखीचे. "साहेब, उद्या पाचशेची नोट चालणार का न्हाई तेवढं सांगा," असं विचारणाऱ्या अडत्याला निश्चलनीकरण सांगून चहा तरी मिळाला असता का? आम्ही छापलं, 'पाचशे, हजारच्या नोटा रद्द'. 'नोटाबंदी' हा शब्द लोकांच्या तोंडी बसला तो नंतर.

दुसरी रात्र ६ सप्टेंबर २०१८ ची. सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधला, प्रौढांमधल्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द ठरवला. इंग्रजी शब्द 'डीक्रिमिनलाइज'. क्राइमपासून क्रिमिनल, त्याला 'आइज' लावून क्रिमिनलाइज, त्याच्या पुढे 'डी'. चार मजली घर. एका नव्या पोराने हौसेने 'निर्गुन्हेगारीकरण' लिहिलं. मी म्हटलं, बाबा, हा शब्द वाचताना वाचकाचा दात पडेल. मग 'समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत' असं केलं. वाचून बघितलं तर काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. हे वाक्य जणू कायमचं सत्य सांगत होतं. काल रात्रीपर्यंत तो गुन्हा होता, हेच त्यातून गळलं होतं. इंग्रजीत ते काम 'डी' करत होता. अखेर मी मध्ये एक शब्द घातला: 'समलैंगिक संबंध आता गुन्हा नाहीत'. तो 'आता' म्हणजे आमचा 'डी'.

हे त्या रात्रीनंतर मला सगळीकडे दिसायला लागलं. मराठी मथळ्यात क्रियापदाला पुढून फारसं काही चिकटत नाही. आपले आहार, विहार, प्रहार, संहार हे संस्कृतातून घडूनच आलेले आहेत, रोजच्या क्रियापदाला आपण असा उपसर्ग लावत नाही. उघडणे आहे, 'पुनरुघडणे' नाही. मग कालचा पेपर आपण कुठं ठेवतो? आता, पुन्हा, परत, अखेर, मागे, आणि अगदी बारका 'ही' आणि 'च'. 'अखेर रस्ता खुला' या मथळ्यातला 'अखेर' काढून बघा. रस्ता खुला झाल्याची बातमी राहते, पण लोकांनी काढलेले मोर्चे त्यातून गायब होतात.

हे सगळं मी पुतणीला सांगत होतो तोपर्यंत तिने 'रिपोर्टर' या शब्दातल्या 'री'ला लाल गोल केला होता. आता इथं काय पुन्हा झालं? म्हटलं, याला एक साधी कसोटी आहे. उपसर्ग काढून टाक आणि उरलेला शब्द आज कुणी एकटा वापरतं का बघ. 'रीओपन'मधून 'ओपन' जिवंत निघतो. 'रिड्यूस'मधून 'ड्यूस' निघतो, 'रिसीव्ह'मधून 'सीव्ह', आणि त्यांना कुणी ओळखत नाही. हे शब्द लॅटिनमध्येच जुळून आलेले, त्यांना शिवण दिसते पण उसवता येत नाही. 'रिपोर्ट'मध्ये 'पोर्ट' उरतो, पण तो बंदर नव्हे, लॅटिनमधलं 'वाहणे'. परत वाहून आणणे ते रिपोर्ट. परीक्षेत गोल करू नकोस, मनात ठेव. आणि 'री'नंतर आडवी रेघ दिसली तर थांबून वाच. रेघेशिवाय 'रिझाइन' म्हणजे राजीनामा, रेघ टाकून 'री-साइन' म्हणजे करार पुन्हा केला. खेळाच्या पानावर त्या एका रेघेवर खेळाडू संघात राहतो किंवा जातो.

मागून चिकटणाऱ्यांवर आम्ही आलो तोवर आतून पांढऱ्या रश्शाचा वास यायला लागला होता आणि तिचं लक्ष उडालं होतं. पण माझ्या मते खरी गंमत तिथंच आहे.

'अन' हाच आवाज शब्दाच्या मागेही येतो, त्याचं स्पेलिंग 'ई' आणि 'एन'. वीकन, वायडन, टायटन, डीपन, वर्सन. अर्थकारणाच्या पानावर रोज यातले दोन-तीन असतातच, रुपया 'वीकन' होतो, तूट 'वायडन' होते. पण हा प्रत्यय भलता मानी आहे, कुणाच्याही घरी जात नाही. रेड, व्हाइट, ब्लॅक यांच्यापासून रेडन, व्हाइटन, ब्लॅकन होतात. ग्रीन, ब्लू, यलो यांच्यापासून होत नाहीत. का? शब्द एका ठोक्याचा हवा आणि त्याचा शेवट क, ट, ड, प, फ, स असा आपटणारा किंवा घासणारा हवा. शेवटी स्वर आला, किंवा न, म, ल यांच्यासारखा मऊ आवाज आला, की हा आत येत नाही. म्हणून स्लो, ड्राय, थिन, काम (म्हणजे शांत) हे शब्द कुठलीही शेपटी न लावता तसेच क्रियापद होतात. आणि स्ट्राँग, लाँग, हाय यांची पंचाईत झाली तेव्हा इंग्रजीने त्यांची नामं पुढे केली: स्ट्रेंग्थन, लेंग्थन, हाइटन. पुतणीने हे वहीत लिहून घेतलं. क्लासमध्ये सांगितलं नव्हतं म्हणे.

मी तिला म्हटलं, आता आपला मराठीतला 'आव' बघ. मंदावणे, थंडावणे, स्थिरावणे, रुंदावणे, उंचावणे, खालावणे, बळावणे, दुणावणे, सुखावणे, सुस्तावणे. विशेषण असो, नाम असो, 'खाली'सारखं अव्यय असो, याला कुणाचंच वावडं नाही. आणि आवाज काय आहे त्याला! तब्येत खालावली. यात एक हळू उतरती पायरी ऐकू येते, ती 'वर्सन'मध्ये नाही.

कोल्हापूरकरांना हे व्याकरण दर पावसाळ्यात फुकट मिळतं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. जुलै-ऑगस्टमध्ये आमचं पहिलं पान म्हणजे नुसती क्रियापदं. पावसाचा जोर वाढला, मंदावला, पुन्हा वाढला. पाणी पात्राबाहेर पडलं. पातळी स्थिरावली. पूर ओसरू लागला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांवर गेलं, तेव्हा 'स्थिरावली' हा एक शब्द छापायला आम्ही किती रात्री थांबलो होतो! आमच्या एका सहकाऱ्याचं घर व्हीनस कॉर्नरच्या बाजूला, तो स्वतः पुरात अडकलेला आणि फोनवरून विचारायचा, "थांबलंय म्हणून लिहू का रे आज?" इंग्रजीवाले त्याला 'स्टॅबिलाइज' म्हणतात. अर्थ तोच. पण 'स्टॅबिलाइज' ऐकून कुणी गॅसवर चहा ठेवणार नाही.

आणि असले शब्द हाताशी असताना आपण आजकाल काय करतो, तर 'करणे' जोडतो. हाताळणे होतं, त्याचं 'हँडल करणे' झालं. हात, लाथ, पाणी अशा साध्या नामांपासून हाताळणे, लाथाडणे, पाणावणे करणारी ही भाषा. तिला नवं क्रियापद पाडायचा कंटाळा कधीपासून आला, कुणास ठाऊक. असो, म्हाताऱ्याची कुरकुर.

'आइज'च्या स्पेलिंगवर पुतणीचं क्लासमध्ये भांडण झालं होतं. 'एस' बरोबर की 'झेड'? दोन्ही. मूळ प्रत्यय ग्रीक, तिथं झेडचा आवाज. फ्रेंचमधून येताना एस झाला. आपले इंग्रजी पेपर बहुधा एस लिहितात, अमेरिकन झेड. पण ॲडव्हाइज, सुपरव्हाइज, सरप्राइज, एक्सरसाइज यांना कधीच झेड लावायचा नाही, कारण त्यांच्यातला शेवट हा प्रत्ययच नाही, तो शब्दाचा स्वतःचा आहे.

या 'आइज'चा आपल्याकडचा भाऊ म्हणजे ईकरण. खासगीकरण, शहरीकरण, आणि कोल्हापूरचं लाडकं सुशोभीकरण. हे रंकाळा तलावाच्या फलकापासून पेपरापर्यंत निम्म्या वेळा ऱ्हस्व 'भि' घालून लिहिलेलं असतं आणि मी आयुष्यभर ते दीर्घ करत आलो. ही दीर्घ 'ई' फुकटची नाही. संस्कृतात तिला च्वि प्रत्ययाचं रूप म्हणतात आणि तिचा अर्थ आहे, आधी जे तसं नव्हतं ते तसं होणं. म्हणजे बघा, तिच्यातही कालचा पेपर आहेच! सुशोभीकरण म्हणायचं तर आधी ती जागा सुशोभित नव्हती हे कबूल करावं लागतं. रंकाळ्याच्या बाबतीत शिवाजी पेठेतला माणूस हे कबूल करेल का, तो वेगळा विषय.

पुतणीच्या गठ्ठ्यात हिरव्या गोलांनी भरलेले आणखी काही शब्द होते, ते बघून मला आपल्याच माणसांचा अभिमान वाटला. 'घेरावड्', 'लाठीचार्ज्ड', 'चार्जशीटेड'. भारतीय पेपरांनी घेरावाला थेट इंग्रजी भूतकाळाचा प्रत्यय लावून कामाला जुंपलं. आणि 'प्रीपोन'. 'पोस्टपोन' म्हणजे पुढे ढकलणे, मग अलीकडे ओढण्याला शब्द नको? 'पोस्ट'च्या जागी 'प्री' बसवला, काम झालं. इंग्रज नाक मुरडत होते, आता त्यांच्या शब्दकोशातही तो आहे.

जेवायला बसायची वेळ झाली. ती पेपर गोळा करताना थांबली आणि एका मथळ्यावर बोट ठेवलं. पोलिसांनी कसलंसं गूढ 'अनरॅव्हल' केलं होतं. "काका, मी डिक्शनरी बघितलो. 'रॅव्हल' म्हणजे पण उसवणे आणि 'अनरॅव्हल' म्हणजे पण उसवणे. मग हा 'अन' काय उलटवायलाय?" (आमच्याकडच्या मुली 'बघितलो', 'येतो', 'जातो' असंच बोलतात. पुण्याची मंडळी हसतात, हसू देत.)

'रॅव्हल'चा अर्थ गुंतवणे असाही आहे आणि उसवणे असाही, एवढं मी सांगितलं. पण माझी सकाळपासूनची कसोटी तिथं लुळी पडली होती, हे दोघांनाही दिसत होतं. मग मी तिला विचारलं, "अचपळ म्हणजे काय?"

"लई चपळ. आजी म्हणायची की, अचपळ मन."

"मग त्यातला 'अ' काय उलटवतोय?"

तिने थोडा वेळ विचार केला. "काय नाही."

"मग?"

"मग हे दोन पाठच करतो," म्हणाली आणि कपाखालची झेरॉक्स काढून त्याच्या पाठीवर दोन्ही शब्द लिहिले. झेरॉक्सवर कपाचा गोल उमटला होता, बरोबर 'ओव्हर'भोवती.